माझं शोकपत्रक

कर्जाली, बल्गेरिया, रविवार

प्रिय सेव्दियेताईस, धाकट्या नेव्रियेचा नमस्कार.

तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल, भावोजींचा खोकला गेला असेल आणि तिकडे तुर्कस्तानात, बुर्सात तुम्ही सगळे सुखरूप असाल अशी आशा आहे. मी जिवंत आहे. पत्रात असं लिहायची रीत नाही, पण या आठवड्यात हे वाक्य मला गावात इतक्यांना सांगावं लागलं की ते आता तोंडात बसलं आहे. त्याला कारण तुझा कवी चिरंजीव.

ओर्चुन बर्लिनहून आला तेव्हा मला आनंदच झाला, हे आधी प्रामाणिकपणे नोंदवते. आपली मुळं शोधायला आलोय म्हणाला. (मुळं शोधणाऱ्यानं परसातल्या कांद्याला एकदाही पाणी घातलं नाही, ते असो.) मी मिरच्या भाजत होते, तर फोन माझ्या तोंडासमोर धरून विचारतो, "मावशी, सरकारनं आपल्या तुर्कांची नावं पुसून बल्गेरियन नावं लादली, तुझं नाव हिसकावलं, तेव्हा तुला आतून काय वाटलं?" आतून काय वाटायचं? मी पहिलीत होते. झालं ते सांगितलं. सुट्टीनंतर बाईंनी हजेरीत "नेवेना" पुकारलं, ती मीच हे मला कळलं नाही, आणि पहिल्या बाकावर बसून माझी गैरहजेरी लागली. तो हिरमुसला. शिपाई नव्हते का, बंदुका नव्हत्या का, असं दोनदा विचारलं. होत्या की, पण रस्त्यावर, आणि त्यांच्याबद्दल मी मिरच्या भाजताना बोलत नाही.

मग त्यानं कविता केली. ती तो मंचावर उभा राहून, हात हलवत, श्वास अडवून म्हणतो. तिच्यात शिपाई, बंदुका, बर्फ सगळं आहे, आणि ते सगळं "मी" भोगलं आहे. हा "मी" म्हणजे तुझा ओर्चुन, जो तेव्हा जन्मायचा होता. विचारलं तर म्हणाला, "कवितेतला मी म्हणजे सगळेच असतात, मावशी." मग त्या सगळ्यांतली मी कुठे गेले, हे विचारायचं राहून गेलं. (मला राग येतो तेव्हा माझं चुकत असेल का, असा विचार मी आधी करते. या खेपेलाही केला. चुकत नव्हतं.)

पण खरा कहर पुढे. कुणी गेलं की आपण फोटोसकट शोकपत्रक दाराला, थांब्याला, बेकरीच्या काचेला चिकटवतो ना, ते त्याला फार भावलं. वाचनालयात कवींच्या स्पर्धेचा कार्यक्रम ठरला होता, त्याची जाहिरात त्यानं तशीच छापली आणि गावभर चिकटवली. माझा पहिलीतला फोटो, खाली "नेवेना, १९८५–१९९०, आम्ही तुला विसरणार नाही" (ते नाव माझ्यावर होतं तेवढी वर्षं), आणि कवितेचा दिवस, वेळ मुंगीएवढ्या अक्षरांत. सकाळी दार उघडते तर समोर शेजारची बल्गेरियन स्तोयान्काकाकू, हातात त्यांच्यात मयतासाठी करतात ते शिजवलेले गहू आणि मेलेल्यासाठी नेतात तशी सम संख्येतली फुलं. मला पाहून ती पायरीवरच बसली. "फोटो तुझा, नाव त्यांनी लादलेलं. मला वाटलं, कागद करताना सरकारनं परत घोळ घातला," म्हणाली. रडून झाल्यावर रागावली. मशिदीतल्या हाफिजकाकांचा राग वेगळा होता. शोकपत्रकाला काळी चौकट ख्रिश्चनांची, आपली हिरवी, एवढं तरी पोराला शिकवायचं होतंत, म्हणाले.

तरीही काकू कार्यक्रमाला आली. वाचनालयाच्या हॉलमध्ये पुढच्याच रांगेत बसली, म्हणून तिला परीक्षक केलं. या कवींच्या स्पर्धेत परीक्षक प्रेक्षकांतूनच उचलतात आणि हातात आकड्यांच्या पाट्या देतात. ओर्चुननं कविता म्हटली. काकूनं डोळे पुसले आणि ताठ हातानं सहाची पाटी वर केली. ताई, तूच सांग, आपल्या शाळेत सहाच्या वर आकडा कुणी पाहिलाय? पैकीच्या पैकी दिले तिनं. पण पाट्या दहापर्यंत होत्या, आणि बर्लिनच्या शाळेत सहा म्हणजे नापास. तुझा मुलगा ध्वनिक्षेपक धरून काकूकडे बोट दाखवत म्हणाला, "बघा, हे गाव आम्हाला अजून एवढंच देतं. हिच्यासारख्यांनीच आमची नावं खोडली."

मी कधी मंचावर चढले नव्हते. त्या दिवशी चढले. त्याच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि म्हटलं, मी नेव्रिये, मेलेली नाही, आणि माझी आई झ्युल्फिये, जिला पाच वर्षं कागदोपत्री... आणि अडले. नाव आठवेना. घरात ती आईच होती, आणि जुने कागद तिनं नंतर चुलीत घातले होते. मी काकूकडे पाहिलं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? मी तिला त्या नावानं कधी हाक मारलीच नाही."

ओर्चुन दुसऱ्या दिवशी गेला, निरोप न घेता.

तुझी,
नेव्रिये

ता. क. काकूच्या खिडकीचा पडदा तेव्हापासून ओढलेला आहे. ओर्चुनला तिला फोन करायला सांग. कविता नको, नुसतं "चुकलो" पुरे.

ता. क. दुसरा. पत्र लिहिलं ते खरं एवढ्यासाठी. तू तेव्हा मोठी होतीस. आईला त्यांनी काय नाव दिलं होतं गं? तिरस्कार करायचा तरी तो नाव घेऊन करावा असं वाटतं. फक्त मला कळव. पत्र ओर्चुनच्या हाती लागू देऊ नकोस, तो याचीही कविता करेल, आणि ती चांगली होईल, हीच मला भीती आहे.