देव्हाऱ्यातल्या पावत्या

मामा, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं अशी रीत आपल्यात नाही. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

मी दहावी पास म्हणून मुरूम गावातल्या आपल्या नळ-पाइपच्या दुकानाचं दफ्तर तुम्ही माझ्याकडं दिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एकेक पावती तारेत ओवायला शिकवलं. एकदा मी एका पावतीवर चहाचं पातेलं टेकवलं, तर लई चिडलात. "पोरी, कागुद देवासारखा जपायचा! उद्या सरकार मानसाला इचारत न्हाय, कागदाला इचारतं." ते मी मनात धरलं. तुमच्यामागं सोलापूरच्या ठोक दुकानातनं यंत्राच्या गुळगुळीत पावत्या यायला लागल्या. तारेचं भोक नेमकं आकड्यावर पडू नये म्हणून मी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात, समईच्या वरच्या फळीवर ठेवत गेले. दर लक्ष्मीपूजनाला पिशवीत हात घालून त्यांच्या घड्यांना हळद-कुंकवाची बोटं लावली. उघडून वाचल्या मात्र कधी नाहीत.

आता कराची नोटीस आलीय. खरेदीच्या पावत्या दाखवा, नाहीतर सगळी विक्री नफ्यात धरू. तेवढा कर भरायचा तर दुकान विकावं लागतंय. काल वकिलाच्या टेबलावर मी पिशवी उपडी केली. एकीवरही अक्षर नाही, नुसती कुंकवाची बोटं. "वहिनी, ह्यांना काय ओवाळू का आता?" ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, ही छपाई शाईची नसते, ऊब लागली, तेल लागलं की उडते. झेरॉक्स काढून ठेवायची होती. पानामागं दोन रुपये जातात म्हणून मी ती काढली नव्हती. सोलापूरचं ते दुकानही बंद पडलंय.

तुमची तार अजून खुंटीला आहे. तुमच्या वेळच्या कार्बनची निळी अक्षरं आजही स्वच्छ वाचता येतात. त्या पावत्या कुणी मागत नाही.

घरी तुमचे चिरंजीव विचारतात, "दिल्यास ना सगळ्या?" मी "व्हय" म्हणते आणि सांजवात लावायला उठते. आई भवानीला काय मागावं तेही सुचत नाही. तिच्यापुढंच तर ठेवल्या होत्या.

पाठकोरा कागद तुम्ही कधी फेकू दिला नाहीत. हे त्याच पावत्यांवर लिहितेय, मामा. दोन्ही बाजूंनी कोऱ्या आहेत.