कोरड्या सुटाचं बजेट

अण्णा,

तुमची नात समुद्रात उतरायला शिकतेय आणि मी घाबरलेय. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती दूर थंड देशात समुद्राखालच्या वनस्पतींचा अभ्यास करते. परवा फोनवर तिनं कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं विचारलं, "आई, साध्यातल्या साध्या ड्रायसूटला किती बजेट धरू?" ड्रायसूट म्हणजे पाणबुड्याचा कोरडा सूट, पाणी आत येऊच द्यायचं नाही असा. दुसऱ्या कुणाला हे समजावून सांगावं लागलं असतं, तुम्हाला नाही. बेगम बाजारच्या तोंडाशी तुमचं रेनकोटचं दुकान होतं आणि असा एक सूट तुम्ही आपल्या हातानं केला होता. तिनं विचारलं आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. कुकरची शिट्टी होत राहिली, मला बंद करायचं सुचेना.

बाहेरचा माल नुकताच यायला लागला होता तेव्हाची गोष्ट. मुठीत मावतील अशी रंगीत नायलॉनची जॅकेटं समोरच्या दुकानात लटकायला लागली आणि आपले जाड रबरी कोट खुंटीवरच राहिले. तुम्ही म्हणायचात, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे." पण संध्याकाळी गल्ला उघडताना तुमचा चेहरा बघवत नसे. अशात तो ठेकेदार आला. तलावाच्या तळातली, पाणी सोडायची दारं साफ करायचा ठेका त्याच्याकडं होता, त्यासाठी तासन्‌तास घाण, गार पाण्यात माणूस उतरवावा लागे. "सेठ, बाहर का सूट बहुत महँगा पड़रा. तुम बनाके देव, पानी का एक बूँद अंदर नै आना," तो म्हणाला. तुम्ही उर्दू पेपरच्या कोऱ्या कडेला हिशोब मांडला. दुहेरी रबरी कापड, लॉरीच्या ट्यूबचा गळा, त्याच ट्यूबची मनगटं, गमबूट, रबर चिकटवायच्या सोल्युशनचे डबे. परदेशी सुटाच्या पाचव्या हिश्श्यात बसत होतं. उरणाऱ्या पैशांपुढं तुम्ही लिहिलंत, 'पोरीचा कॉम्प्युटर'. नारायणगुड्याला क्लास निघाला होता आणि मी महिनाभर त्याच्यासाठी तुमच्या कानीकपाळी ओरडत होते.

दुकानात एक रीत होती. कुठलाही कोट गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी उलटा करायचा, बाहीत पाणी भरायचं, तोंड बांधून खुंटीला टांगायची आणि खाली जुना पेपर पसरायचा. तुम्ही कोपऱ्यावरच्या इराण्याकडं चहा प्यायला जायचात. परत येईपर्यंत पेपरवर ठिपका पडला तर सगळी शिवण उसवायची, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. पेपरवर नजर ठेवायचं काम माझं. त्या सुटाचीही एकेक बाही, एकेक पाय तसाच टांगला. डावी बाही सगळ्यात शेवटी. तुम्ही चहा पिऊन आलात आणि दारातूनच विचारलंत, "बघ ग पोरी. कोरडा हाय का?"

"हौ अण्णा, कोरडा," मी म्हणाले.

हे लिहितानाही मी त्या विहिरीपाशी उभी आहे. बरकतपुऱ्यात आपल्या घरमालकाच्या आवारातली, पायऱ्यांची ती विहीर. ऊन चढलंय. ठेकेदाराचा पाणबुड्या आलाय, ज्याच्यासाठी सूट केला तोच, काळाभोर, मिशा पिकलेला तेलुगू माणूस. तो घालायला पुढं होतो तर तुम्ही त्याला अडवता. "पहले मैं. मेरा माल है." सूट चढवून तुम्ही आत शिरायचं छातीवरचं तोंड पिळून बांधून घेता, कमरेला तराजूची दोन लोखंडी मापं अडकवता, दोरीचं एक टोक मापांच्या वर बांधता आणि दुसरं माझ्या हातात देता. मला हसू येतंय, कारण तुम्ही फुगलेल्या उशीसारखे दिसताय. एक पायरी, दुसरी पायरी. गळ्याशी पाणी. तुम्ही वर बघून म्हणता, "इराण्याचा एक कप होईपर्यंत थांबतो." मग तुमची मान झटकन डावीकडं वळते. तुम्ही उजव्या हातानं डावं मनगट पकडता, वाकता, आणि शेवाळावरून पाय सुटतो. सुटातली सगळी हवा पायांत जाते. डोकं खाली, गमबूट वर. दोन काळे गमबूट पाण्यावर हलताहेत आणि त्यांच्याखाली माझे वडील आहेत. दोरी माझ्या हातात आहे आणि हात माझे नाहीत. मी ओढत नाही, ओरडतही नाही. पाणबुड्यानं कपड्यांसकट उडी घेतली, तुमचे पाय दाबून तुम्हाला सुलटं केलं आणि पायरीवर ओढून आणलं. तुम्ही खोकत होतात, ओकत होतात. त्यानं तुमची पाठ चोळली आणि म्हणाला, "सेठ, तुम बारिश का काम करते. बारिश ऊपर से आती. मेरेकू पानी चारों तरफ से दबाता." मग म्हणाला, "मेरेकू बी बेटी है."

ठेकेदाराची उचल तुम्ही दुसऱ्या दिवशी परत केलीत. सूट कात्रीनं कापून त्याचे पायपोस केलेत. एवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही तुमच्या हातांकडं बघत म्हणालात, "माझा हात गेला आता." त्यानंतर तुम्ही कोट शिवला नाही. समोरच्या दुकानातल्यासारखीच जॅकेटं ठोक भावानं आणून विकलीत आणि गिऱ्हाइकानं "पक्का आहे का?" विचारलं की मान खाली घालायचात. अकरा वर्षं, तुम्ही जाईपर्यंत. आई तुम्हाला चिडवायची, "एका डुबकीत एवढं काय हो घाबरायचं?" तुम्ही नुसते हसायचात.

तर बजेट, अण्णा. मी रात्रंदिवस तेच वाचतेय. साधा सूट घ्यायचा तरी लाख-सव्वा लाख. आत घालायचे उबदार कपडे वेगळे, टोपी-हातमोजे वेगळे. तो घालून पोहायला शिकायचे पैसे वेगळे, कारण पायांत हवा गेली तर सुलटं कसं व्हायचं हे तिथं आधी शिकवतात. हे वाचलं तेव्हा मी फोन पालथा ठेवला. गळ्याची आणि मनगटाची रबरं काही वर्षांनी बदलावी लागतात, त्याची तजवीज वेगळी. मी तिला म्हटलं, दोन लाख धर, मी पाठवते. तर म्हणाली, "नको गं, एक वापरलेला मिळतोय, चाळीस हजारांत. मी सरावाच्या टाकीत घालून पाहिला."

"कुठं गळत नाही ना?"

"नाही गं आई. एकदम कोरडाय."

आवाज माझा होता. अगदी माझा. आईचे पैसे वाचवायला निघालेल्या मुलीचा आवाज मी ओळखणार नाही तर कोण? तिचे डोळे मला दिसत नाहीत, खाली पसरलेला पेपरही दिसत नाही. पैसे पाठवले तरी ती नवा घेईल की नाही, मला ठाऊक नाही. 'ओला आहे' असं तिनं मला सांगावं, तर आधी मी तिला काहीतरी सांगायला हवं, आणि ते आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. ती मराठी अडखळत वाचते, त्यामुळं हा कागद तिच्यापुढं सरकवून सुटका नाही. तोंडानंच सांगावं लागेल. त्याआधी तुम्हाला.

डाव्या मनगटाचा जोड तुम्ही लावलेला नव्हता. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा तो मी लावला, लवकर व्हावं म्हणून, सोल्युशन पुरतं सुकू न देता. आणि तुम्ही चहाला गेलात तेव्हा पेपरवर ठिपका पडला होता. मी बाहीचा जोड ओढणीनं पुसला, खालचा पेपर बदलला. क्लासची फी शनिवारी भरायची होती.

तुमचा हात शेवटपर्यंत ठीक होता, अण्णा.