आधी पोरांचं, मग माझं

मी, गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान चालवणारी विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा प्लास्टरमध्ये आहे, डोकं जागेवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; ज्याने आणून पाहिला त्याचा समाचार कलम तीनमध्ये.

कलम एक. माझं दुकान, आतल्या कपाटासकट, वरच्या खोलीतल्या, पॅकिंगच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलीला द्यावं. ती माझ्या नात्यातली नाही. पाळणाघरात डायपर दिल्याशिवाय मूल घेत नाहीत आणि मूल कडेवर घेऊन कारखान्यात जाता येत नाही. म्हणून ती ओला डायपर वाळवून पुन्हा बांधायची. पोराच्या मांड्या सोलून निघाल्या, रडून रडून ते निळं पडायचं. एकदा तिच्या नवऱ्याने त्याला पाय धरून भिंतीवर आपटायला उचललं. मी त्याच्या पाठीला गरम इस्त्री टेकवली. हात सुटले, पोर आईने झेललं, नवरा पळाला तो पळालाच. तेव्हापासून कपाटात डायपर ठेवते. ज्याला लागतील त्याने न्यावेत; कारखान्याच्या बायका सकाळी रांग लावून नेतात.

कलम दोन. अट एवढीच, की कारखान्याच्या भोंग्याआधी शटर वर जावं. "नवरा काय करतो?" असली चौकशी करू नये. गरज काय आणि वास काय, झाकून राहत नाही. उकरून कशाला बघायचं?

कलम तीन. शेजारी किराणा विकणारा माझा पुतण्या. "काकू, ही भिकाऱ्यांची रांग माझ्या दारात नको," म्हणत त्याने डायपरची पोती गटारात ओतली. डायपर पाणी पितात एवढंही शहाण्याला ठाऊक नव्हतं. ते फुगले, गटार तुंबलं आणि सगळी घाण शिरली त्याच्याच तांदळात. मी हसले. त्यावर त्याने शटर ओढायची सळई घेऊन माझा हात मोडला, दात पाडले. "मर एकदाची, मग कुलूपच घालतो बघ!" पुढचा घाव डोक्यात बसायचा, तोच वरचीने मागून त्याच्या कानाचा लचका तोडला. थुंकून म्हणते कशी, "मावशी, तुमच्या घरचं रक्त फार कडू हो!"

त्याचे लंगोट मीच धुतले आहेत, म्हणून शाप देत नाही. माझ्या मालमत्तेतून त्याला ती सळई द्यावी. बाकी काही नाही.

कलम चार. कात्र्या, मशीन आणि इस्त्रीही वरचीलाच. इस्त्री गरम ठेवावी, पुतण्या शेजारीच राहतो.

कलम पाच. मला शटरसमोर ठेवू नये, बायकांची वाट अडेल. आधी डायपर द्यावेत, त्यांना पाळणाघर गाठू द्यावं, मग मला उचलावं. पुतण्या खांदा द्यायला आला तर देऊ द्यावा. हात तेवढे रिकामे आहेत का बघावं.

वाचून, समजून सही केली. अक्षर वाकडं आहे, म्हणणं सरळ आहे.

ठिकाण: माझंच दुकान
दिनांक: १५ मार्च
सही: टेलरमावशी

साक्षीदार १, दवाखान्याचे डॉक्टर: मोडलेला हात मीच बांधला. डोकं शाबूत असल्याची खात्री देतो.

साक्षीदार २, पाळणाघरच्या बाई: माझ्यासमोर सही झाली. मावशींना उचलतील त्या दिवशी पोरं डायपरशिवायही घेईन.