बिनविरोध वहिनी

शुक्रवार, संध्याकाळ. नईम, बहरीन.

डोकं अजून तापलंय.

दुपारी हॉस्पिटलात जेवताना डॉक्टर नोरा तिच्या आयर्लंडमधल्या गावाबद्दल सांगत होती. पूर्वी गावाचे दोन खासदार पार्लमेंटात असायचे, पण त्यांची नावं जमीनदार ठरवायचा. एकाने तर म्हणे जन्मात गाव पाहिलं नाही. पुढे तो मतदारसंघच रद्द झाला, आणि नुकसानभरपाई कोणाला? जमीनदाराला! मी पोट धरून हसले. असली कसली माणसं, गप्प कशी बसली?

ड्युटी संपवून तशीच आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सभेला गेले. अध्यक्ष परबभाऊ उभे राहिले. "महिला प्रतिनिधी, आमच्या सौ. बिनविरोध."

सौ.! वहिनी गेल्या वर्षीच बहरीन सोडून कुडाळला राहायला गेल्यात.

मी म्हटलं, "भाऊ, वहिनी इथे नसतात."

"फोन आसा मा गो! खलास. वाजवा टाळ्या."

वाजल्या. बायकांनीही वाजवल्या. मग वहिनींसाठीची शाल भाऊंनी स्वतःच्याच खांद्यावर घेतली, नारळही स्वतःच घेतला. त्यांच्या वतीने म्हणे!

आमच्या मंडळातल्याच सुनंदाचा पासपोर्ट तिच्या मालकाने अडवून ठेवलाय. तिने कोणाकडे जायचं? कुडाळला फोन लावायचा? ती माझ्या शेजारीच बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती.

आणि तो नारळ. काल दुकानात पाच-सहा हलवून, पाणी भरलेला बघून मीच निवडला होता. महिला प्रतिनिधीचा मान आहे, चांगला असू दे म्हणून.

उद्या नोराने विचारलं, तुमच्याकडे कसं असतं, तर काय सांगू?