मोझेलने परत पाठवलेला नारळ

यान्बू, सौदी अरेबिया, शुक्रवार दुपार

तीर्थस्वरूप आई आणि अण्णा यांना किशोरीचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघं इथे खुशाल आहोत. तुमचे गुडघे, अण्णांचा खोकला आणि विहिरीवरची नवी मोटर, या सगळ्यांची खुशाली सुनीतावहिनींकडून कळते. तुमच्याकडून कळायची सोय सध्या बंद आहे. मी फोन केला की तुम्ही 'जेवलीस का' एवढं विचारता आणि माझं 'हो' पुरतं ऐकायच्या आत फोन वहिनींच्या हातात जातो. (अबोला धरूनही जेवणाची चौकशी करायची, हे आपल्याच घरात बघितलं.) म्हणून पत्र लिहायला बसले. पलीकडच्या वाडीतला मनीष, जो यांच्याच प्लँटवर वेल्डर आहे, तो रविवारी सुट्टीवर निघालाय, त्याच्या बॅगेत हे पत्र टाकतेय. मोतीबिंदूमुळे तुम्हाला वाचवत नाही, पत्र वहिनीच वाचून दाखवणार. तेव्हा वहिनी, तुम्हाला हात जोडून सांगते, कंसातलं सगळं मनातल्या मनात वाचा आणि चेहरा सरळ ठेवून पुढे सरका.

आई, तुमचा राग रास्त आहे, हे आधीच लिहून टाकते. सुट्टी म्हणजे गाव, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून शिकलेय. व्हिसावर एक्झिट-रीएन्ट्रीचा शिक्का, दोरीने आवळलेली खोकी, त्यांच्यावर मार्करने लिहिलेलं तुमच्या चिरंजीवांचं नाव आणि मुक्काम पोस्ट, मग विमानतळापासून जीप. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी सुट्टीला जायचं कसं, हे आम्हाला मुळात येतच नाही. पण यंदा कंपनीने सुट्टी अर्धीच दिली, आणि दहावीला चांगले मार्क पडले तर जर्मनी, असं पिंकीच्या बाबांनी तिला कधीतरी कबूल करून ठेवलं होतं. (एवढे मार्क पडणार नाहीत, या भरवशावर.) मार्क पडले. मी मध्ये पडले नाही, एवढाच माझा गुन्हा. तिकिटं निघाल्यावर वहिनींनी सांगितलं की तुम्ही पिंकीसाठी मागच्या खोलीला लागून कमोड बसवून घेतलाय, गेल्या खेपेला ती कुरकुरली म्हणून, आणि गवंड्याशी भांडून त्याला गुलाबी टाइल्स लावायला लावल्यात. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तिकिटं परत होत नव्हती. हे सांगायला मी दर शुक्रवारी फोन करते, आणि दर शुक्रवारी मी जेवलेली असते.

माझ्याशी तुमचं शेवटचं धड बोलणं झालं ते निघायच्या आधी. "नदी हाय का गो तिथं?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, एक सोडून दोन आहेत, मोझेल आणि राइन, आणि गावातच दोघींचा संगम आहे. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग आदी ओटी भर, माझ्या नावानं. मगच पाय बुडव." आणि फोन वहिनींकडे. हे तुम्ही रागाने म्हणालात की मायेने, ते मला इतक्या लांबून ओळखता आलं नाही, म्हणून मी दोन्ही धरून चालले. आता तुम्हीच बघा, या अख्ख्या सौदीत एकही नदी नाही. अकरा वर्षांत मी इथे ओटी भरली ती शेजारणींची. त्यामुळे नदीची ओटी म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. खण माझ्याकडे होता, तुम्हीच दिलेला, हिरवा, लाल काठाचा. तांदूळ, सुपारी, हळदकुंकू घरातलं. अडलं नारळापाशी. इथल्या मलबारी दुकानात नारळ मिळतो तो तुळतुळीत, शेंडी उडवलेला. शेंडीचा नारळ पाहिजे म्हटल्यावर दुकानदाराने मला कोपऱ्यातलं पोतं उपसू दिलं, आणि मी अर्धा तास नारळ कानाशी धरून हलवत बसले. तिकडे विमानतळावर कस्टमच्या साहेबानेही तो तसाच हलवून बघितला. हे लगबगीने पुढे होऊन त्याला म्हणाले, "माफी मुश्किल." (म्हणजे 'काही अडचण नाही'. परदेशी माणूस समोर आला की तुमच्या चिरंजीवांच्या तोंडून अरबीच निघते, मग तो जर्मन असो की जपानी.) त्याने नारळ परत दिला.

कोब्लेंट्स हे गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर शांत. इतकं शांत, की रविवारी आम्ही पोचलो तेव्हा मला वाटलं कुणी मोठा माणूस गेला असावा. दुकानं बंद, रस्ते रिकामे. नंतर कळलं, दर रविवारी असंच असतं. आम्ही हेल्गाबाईंच्या घरगुती लॉजवर उतरलो. बाई सत्तरीच्या, करारी, अंगणात कचऱ्याचे चार रंगांचे डबे, आणि कुठला कचरा कुठे हे त्या खिडकीतून बघतात. यांना ते फार आवडलं. प्लँटमधल्या पाइपांनाही असेच रंग असतात म्हणाले, आणि पहिल्याच संध्याकाळी शेजाऱ्यांचा चुकलेला कागद योग्य डब्यात टाकून आले. उपवासालाही तो देश सोयीचा आहे हो, जिथे बघाल तिथे बटाटा. पण यांचा जीव रमेना. हे इथे वर्षभर समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या प्लँटवर पाइप जोडतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुलावर उभं राहून त्यांनी ती भरलेली मोझेल बघितली, पुढे ती राइनला मिळते ते बघितलं, आणि एवढं सगळं गोडं पाणी शेवटी समुद्रात जातं हे पिंकीने सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, इकडे हे लोक ओततात आणि तिकडे आम्ही उपसतो. मग दोन दिवस नळ जरा जोरात सोडला की मला ओरडत होते.

ओटीसाठी मी बुधवारची सकाळ धरली. साडी नेसले, पायात बूट, वरून स्वेटर. (वहिनी, फोटो मनीषकडे आहे. आईंना बूट दिसणार नाहीत असा कापून दाखवा.) संगमावर आपल्याकडे देऊळ असतं, घाट असतो, निदान एक पिंपळ असतो. तिथे घोड्यावर बसलेला एक अवाढव्य राजा आहे आणि खाली सगळा दगड. पाण्याशी उतरायला मोझेलच्या बाजूला पायऱ्या सापडल्या. पिंकी पन्नास पावलं मागे थांबली आणि आपण या बाईला ओळखत नाही असा चेहरा केला. जवळ बोलावलं तर म्हणाली, "मम्मी, प्लीज, एव्हरीबडी इज लुकिंग." मी पायरीला हळदकुंकू लावलं, खणात नारळ, तांदूळ, सुपारी घेतली, तुमचं पूर्ण नाव घेतलं, आपल्या शास्त्री नदीचं नाव घेतलं (ओळख म्हणून, म्हणजे बाईला कळावं कुणाकडून आलंय), आणि ओटी सोडली. आई, खरं सांगते, भरून आलं मला. तुमच्याशी बोलल्यासारखं वाटलं.

ते वाटणं फार टिकलं नाही. तांदळाला बदकं धावली. बदकं बघून काठावरचे एक आजोबा धावले आणि बोट नाचवत मला काहीतरी बोलू लागले. यांना वाटलं आशीर्वाद देतायत, यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. (तिथे बदकांना खायला घालायला बंदी आहे, हे पाटीवर लिहिलंय. पाटी माझ्या मागे होती.) तेवढ्यात लांब निमुळत्या होडीतून वल्हवत एक तरुण आला. त्याने पाण्यातून नारळ उचलला, खण उचलला, पिळला, चारी टोकं जुळवून नीट घडी घातली, वेळ घेऊन सुपारीसुद्धा शोधून बघितली, आणि पायरीशी येऊन सगळं माझ्या हातात दिलं. "बिट्टे," म्हणाला, आणि इतका गोड हसला की मला त्याच्यावर रागावताही येईना. माणसाची वस्तू पाण्यात पडली तर ती काढून द्यायची, एवढं साधं त्याचं म्हणणं. मी थँक्यू म्हटलं आणि ओली ओटी पोटाशी धरून परत आले.

आता ओटी अर्ध्यावर ठेवायची कशी? यांनी प्रश्न हातात घेतला. यांच्या मते चूक माझ्या श्रद्धेत नव्हती, वजनात होती. नारळ तरंगतो म्हणून दिसतो, दिसतो म्हणून लोक काढतात. तेव्हा तो बुडवायचा. त्यांनी लॉजवरची एक कापडी पिशवी घेतली, तळाला दगड, वर खण-नारळ, तोंडाला गाठ, आणि संध्याकाळी पुलाच्या मधोमध उभं राहून आम्ही ती सोडली. मी परत तुमचं नाव घेतलं, या खेपेला घाईघाईने. पिशवी बुडाली. हे माझ्याकडे बघून असे हसले, जसे नवी पाइपलाइन टेस्टला न गळता उभी राहिली की हसतात. मग पिशवी वर आली. दगड कुठेतरी सुटला होता, आणि नारळ पिशवीसकट डुलत डुलत निघाला, पर्यटकांच्या बोटीच्या थेट वाटेत. बोटीवरच्या माणसाने आकड्याने ती अलगद उचललेली आम्ही तिघांनी बघितली. पिंकी म्हणाली, चला आता, जेवायला जाऊ.

पिशवीवर हेल्गाबाईंच्या लॉजचं नाव आणि पत्ता छापलेला होता, हे यांच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही निघायला सामान बांधत होतो, तेव्हा बाई जिना चढून वर आल्या, हातात ट्रे. ट्रेमध्ये पुसून कोरडा केलेला नारळ, शेंडीसुद्धा विंचरल्यासारखी, आणि शेजारी खण, धुतलेला, कडक इस्त्री केलेला. त्यांनी ट्रे पलंगावर टेकवला, खण-नारळ उचलला. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. माझे हात आपसूक पदराखाली गेले आणि मी पदरात घेतलं. मग त्यांनी माझा गाल थोपटला. यांनी कचऱ्याच्या डब्यांचं कौतुक केलं, अरबीत "खलास," म्हणजे झालं, म्हणाले, आणि आम्ही स्टेशनवर आलो. पाय मी नदीत बुडवला नाही, हे मुद्दाम लिहितेय. ओटी पोचल्याशिवाय बुडवू नको म्हणाला होतात.

एकूण ट्रिप काही खास झाली नाही, आई. पाय दुखले, आमटीभाताची आठवण आली, आणि मधे मधे गुलाबी टाइल्स डोळ्यांपुढे येत राहिल्या. मनीषबरोबर खजूर, अण्णांना बाम, वहिनींना बदाम आणि तुमच्या फ्रिजला लावायला त्या संगमाचं एक चुंबक पाठवतेय. चुंबक फ्रिजच्या मागच्या बाजूला लावलंत तरी चालेल. अण्णांना जपा, स्वतःला जपा.

तुमची,
किशोरी

ता. क. १ – ट्रिप खास झाली नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. फार छान झाली. पुलावर आम्ही तिघं इतके हसलो की पिंकीनेच माझा हात धरला, लोक बघत असताना. फक्त ते घरी सांगायला तुम्ही फोनवर नव्हतात. (हे वाचलंत तरी चालेल, वहिनी.)

ता. क. २ – आई, मी समाधान. हिचं पत्र वाचलं. दगड बरोबर होता, वजनही बरोबर होतं. गाठ हिने मारली होती. बाकी मजकूर खरा आहे. जर्मनी मीच कबूल केली होती, ओरडायचं ते मला ओरड.

ता. क. ३ – आई, परत आलेल्या ओटीचं काय करायचं, एवढं विचारण्यासाठी हे पत्र होतं. माझ्या आईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, अगं वेडे, निघताना त्या घरच्या बाईने खण-नारळ पदरात घातला म्हणजे नदीने उलट तुझीच ओटी भरली, आता नारळ फोड, खोबरं खा आणि खण शिवून घे. मला ते पटलं. पण ओटी तुमच्या नावाची होती, म्हणून तुमच्याकडून ऐकल्याशिवाय मी खणाला कात्री लावलेली नाही आणि नारळही फोडलेला नाही. रोज हलवून बघते, आत पाणी आता जेमतेम वाजतं. येत्या शुक्रवारी फोन करीन. मी जेवलेली असेन, आई. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला दुसरं काहीतरी बोलावं लागेल.