माणसं नसलेलं गाव

९ एप्रिल
मुख्याध्यापकांनी काम गळ्यात मारलं. वसुंधरा दिनाला शाळेच्या भिंतीवर चार-चार ओळींच्या पाच कविता रंगवायच्या. विषय – पन्नास वर्षांनंतरचं आपलं गाव. "छान हिरवंगार लिहा मॅडम." मला सातवा महिना चालू आहे. पन्नास दिवसांनंतरचं लिहायची छाती होत नाही माझी!

११ एप्रिल
एक जमली, छपरावरच्या सोलरची आणि पाण्याची –
घराघरावर ऊन पिकतं,
विहिरी भरल्या काठोकाठ,
टँकर आता कुठला यायला –
विसरला गावाची वाट.

१५ एप्रिल
पाचही झाल्या. चौथीच्या वर्गात वाचून दाखवल्या. छकुली उठून म्हणाली, "बाई, झाडं हायेत, पाखरं हायेत, मंग माणसं कुठं गेली?" पोरं हसली. मी वही मिटली.

लेकरू येणारच असं धरून काही करायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. टोपडं शिवायचं नाही, पाळणा आणायचा नाही, नाव तर काढायचंच नाही. मागच्या दोन्ही खेपेला मी नावं काढून ठेवली होती. दोन्ही लेकरं गेली.

१७ एप्रिल
पाचव्या कवितेची शेवटची ओळ बदलली – 'वडाखाली खेळते माझी मुलगी.' कोणी सांगितलं होतं? काट मारली.

१८ एप्रिल
सकाळपासून पोटात हालचाल नाही.

१८ एप्रिल, संध्याकाळ
नवऱ्यानं, ओमप्रकाशनी, जीप करून जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके बराबर आहेत. पाणी प्या, उन्हात फिरू नका." बेचाळीस डिग्री आहे. पण मला माहितीय कशानं झालं. त्या ओळीनं.

१९ एप्रिल
सासूबाईंनी पकडलंच. "खरं सांग, काय केलं तू?" सांगून टाकलं – कवितेत मुलगी लिहिली. त्या उठून शेळीला पाणी पाजायला गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आज ठोके बराबर आहेत. उद्याचं काय? फार भीती वाटते.

२१ एप्रिल
पेंटर आला. त्याला माणसं नसलेल्याच कविता दिल्या.

मधल्या सुट्टीत सासूबाई आल्या. आजवर शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. पेंटरला म्हणाल्या, "लिव्ह. दुधना नदीला पाणी हाय आन् माझी नात पोहून राह्यली. खाली माझं नाव टाक – साळूबाई. काय लागायचं ते मला लागू दे."