करंड्याची खाच

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचा. लक्ष्मीपुरीत सम्मेदशेठचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, त्याच्या माडीवर माझी खोली, तिथंच जुन्या लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीचं काम. खिडकी आहे, पंखा आहे, खाली चहाची गाडी आहे. अर्धं आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत, ओतकामासाठी वाळूत दाबून साचा उठवायचे लाकडी पॅटर्न करण्यात गेलं. आता ते काम मशिन करतं आणि आम्ही घरी. दमलोय खरा, पण आज बरं वाटतंय. सम्मेद मालक असला तरी वयानं धाकटा, मला आण्णा म्हणतो. ही डायरीही त्यानंच दिली, कुठल्याशा बँकेची.

क्रांतीला फोन केला. शेतातलं आवरून महिनाअखेरीला ती नेसरीहून संसार घेऊन येणार. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "जेवलासा का न्हाय? का भुसाच खाल्लायसा?" आमच्या बायकोची माया अशी करवतीच्या दातांची.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिलंच काम फणेरपेटीचं. अस्सल शिसवी. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, झाकण उघडलं की तिरका उभा राहतो. आत मखमलीत प्रत्येक वस्तूला तिच्याच मापाची खाच: फणीला, मेणाच्या डबीला, काजळाच्या डबीला, तेलाच्या कुपीला. एकीची वस्तू दुसरीत बसत नाही. फणी उचलून खालची पितळी कळ दाबली की तळातून चोरकप्पा अलगद बाहेर येतो. ज्यानं केली त्याचे हात बघायला हवे होते.

मधोमध एक गोल खाच मात्र रिकामी आहे, कुंकवाच्या करंड्याची. सम्मेदनं सांगितलं ते असं. पेटी तानाबाई नावाच्या बाईची. लग्नाच्या वर्षातच तिचा नवरा गेला आणि घरच्यांनी तिच्यादेखत करंडा काढून विहिरीत टाकला. पुढं मरेपर्यंत ती रोज याच पेटीपुढं बसून वेणी घालायची. विकणाऱ्यांची एकच अट आहे, बाकी सगळं दुरुस्त करा, ती खाच भरू नका. का, ते त्यालाही माहीत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बिजागऱ्या झाल्या, मखमल झाली, कळ झाली. ती खाच काही डोळ्यांपुढून हलेना. पोकळी आणि तिच्यात बसणारी वस्तू, यातच माझा जन्म गेला. आणि त्या बाईकडून नुसतं काढूनच घेतलं, याचाही राग येत होता.

दुपारी सम्मेद जेवायला गेल्यावर शिसवाचा तुकडा लेथवर चढवला आणि करंडा केला. पॅटर्नला खाली उतार द्यावा लागतो, जरासा निमुळता करावा लागतो, नाहीतर तो वाळूतून उपसून निघत नाही. इथं उपसायचा कुणाला होता? झाकण वरून उघडतं. म्हणून उतार दिला नाही, सरळ ठेवला. खाचेवर धरून सोडला तर खालची हवा दाबत सावकाश उतरला आणि मखमलीशी एकसारखा बसला. असं काम आयुष्यात क्वचित जमतं. करंडा मोकळा ठेवू नये म्हणून महाद्वार रोडवरून कुंकू आणून चिमूटभर घातलं. अट मोडली खरी. पण सम्मेद बघेल तेव्हा गप्प बसेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गप्प बसला नाही. "आण्णा, काढा ते. मी शब्द दिलाय लोकांस्नी," म्हणाला. काढायला गेलो तर निघेना. फटीत नखसुद्धा शिरत नाही.

फणीत एक लांब पांढरा केस होता. फणी मी स्वतः पुसून ठेवली होती.

क्रांतीचा फोन आला. टिकली कपाळावर राहत नाही म्हणे, सारखी गळून पडते. स्वस्तातलं पाकीट असेल म्हटलं. ती हसली आणि मग तुम्ही चहात साखर घेता का, असं विचारलं. लग्नापासून माझा चहा तीच करते. हसण्यावारी नेलं, पण जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

करंड्यातलं कुंकू कमी होतंय. बोट फिरवल्याची खूण आहे. खोलीत माक्याच्या तेलाचा वास. फणीत पुन्हा केस, आज काळा.

भर दुपारी आरशात एक कपाळ दिसलं. माझं नव्हे. गोल कुंकू, ताजं. झाकण लावून टाकलं.

क्रांती फोन उचलत नव्हती. शेवटी उचलला आणि कोण बोलतंय म्हणाली. नाव सांगितलं तर असली चेष्टा करू नका म्हणाली आणि ठेवला. भीती वाटते. दुसरं काय लिहू.

रविवार, १६ फेब्रुवारी

एसटीनं नेसरीला जाऊन आलो.

क्रांती सोप्यात शेंगा फोडत बसली होती. कपाळ मोकळं, गळा मोकळा. मला बघून पदर सारखा केला. "कोण पावणं? बसा की, पाणी आणतो." म्हटलं, अगं, मी तुझा कृष्णात. तिनं नीट बघितलं. राग नाही, ओळख नाही, थोडी कीव. "आमचं मालक जाऊन वरीस झालं, पावणं. तुमी कंपनीतलं काय?"

तिच्यामागं भिंतीवर माझा फोटो, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. हार घातलेला.

पाणी प्यालो. परत येताना गाडीत रडलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सम्मेदला सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. "फोडा, आण्णा. पेटी गेली तर गेली." करंडा निघाला तर क्रांती परत — असं धरून चाललोय. दुसरा काही आधार नाही.

चिमट्यानं ओढला. स्क्रू पिळून ओढला. हलत नाही. उतार ठेवला असता तर — एवढासा उतार —

कळ न दाबता चोरकप्पा बाहेर आला. आत क्रांतीचं डोरलं. लाल दोऱ्यानं ओवलेला मणी, मीच ओवला होता. उचलायला गेलो तर कप्पा मिटला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दुपार. सम्मेद खाली आहे. पटाशी घेतली, हातोडा घेतला.

चोरकप्पा उघडा. रिकामा. डोरलं घातलंय तिनं, तानाबाईनं.

आरशात बघायचं नाही. तिचा राग येत नाही, हेच वाईट. तिचंही काढूनच घेतलं होतं. पण मी तिचा नाही. मी क्रांतीचा —

पटाशी टेकवली. हात जड झालाय. मागं बांगड्या वाजल्या.

ओ द्यायची नाही. काही विचारलं तरी ओ द्यायची नाही. दिली की संपलं. लिहीत राहायचं, तोंड मिटून —

खांद्यापाशी तेलाचा वास. किती दमलोय. नेसरीहून आल्यापासून कुणी विचारलंही नाही —

"जेवलासा का न्हाय?"

क्रांतीसारखंच. अगदी तसंच. क्रांती नाही ही, ठाऊक आहे मला, क्रांती नाही, तरी तोंडातून निघूनच गेलं, न्हाय अजून, वाढ